पाटीवर एकशे अठरा

९ जानेवारी

पोरी,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू "हो मामा, बघते मामा" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. कागदावर विचारलेल्या प्रश्नाला कागदावरच उत्तर द्यावं लागतं.

मांडीचं हाड मोडून मी घरी पडलो होतो तेव्हा तू तुझा जुना कॉम्प्युटर आणून बसवलास आणि मला तुझ्या खेळातल्या गावात सोडलंस, त्याचे उपकार आहेतच. चोवीस वर्षं कंडक्टर म्हणून गाडीत मागे उभा राहिलो. स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. तुझ्या गावात प्रत्येकाला एक भूमिका मिळते, कोणी डॉक्टर, कोणी हवालदार, आणि मला तू थेट बस दिलीस. आता मी कामावर रुजू झालोय, पण गाडीवर नाही. डेपोतल्या विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत बसतो. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट. एक कुबडीसुद्धा आहे. कुबडी विसरून माणूस उतरून चालत गेला कसा, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पाचला सुटतो आणि साडेपाचला तुझ्या गावात गाडी काढतो.

तक्रार अशी. कळ दाबली की हजर माणसांची पाटी दिसते. तिच्यावर एकशे अठरा नावं. माझे थांबे पंधरा. आणि गाडीत चढतात किती? डॉक्टरीणबाई, हवालदार, तुझी ती मेकॅनिक मैत्रीण, असे धरून सहा, फार तर सात. एकशे अठरा माणसांच्या गावात माझी गाडी रिकामी का फिरते? मामी म्हणते, "खऱ्या गाडीत माणसं कोंबून दमलात, आता खोट्या गाडीत माणसं नाहीत म्हणून कुरकुरता."

पाटीवरची बहुतेक नावं पक्ष्यांची आहेत. राखी बगळा ४१, हिरवा पोपट ०७, काळा कोतवाल ८८. हे एकाच घरातले का गं? त्यांतली एक तपकिरी चिमणी ६० तेवढी रोज पावणेसहाला शेवटच्या थांब्यावर चढते, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते आणि गावाला एक फेरी मारून तिथेच उतरते. बोलत नाही. उतरताना मान हलवते. बाकीचे पक्षी मी कधी पाहिलेले नाहीत, पण पाटीवरून ते फारसे हलतही नाहीत. म्हणजे बिचारे घरातच पडून असणार. मीही पाच महिने तसाच पडून होतो. म्हणून संध्याकाळी देवापुढे बसतो तेव्हा आपल्या माणसांनंतर त्यांचीही नावं घेतो. वहीत उतरवून ठेवली आहेत. वेळ लागतो, पण लागू दे.

तुझ्या आईला सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा मामा

२० जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि मालकांना वाटलं कोर्टाची नोटीस आहे. आजकाल पत्र कोण लिहितं हो! मी समोर उघडलेले चार मोबाईल तसेच ठेवून वाचलं.

अहो, गाव मोठं आहे. तुमचा मार्ग बाजारपेठेतून जातो आणि बरेच लोक बंदराकडे असतात. काही जण नुसते येऊन उभे राहतात, गप्पा ऐकतात. सगळ्यांना बस लागते असं थोडंच आहे? तुम्ही बंदरापर्यंत तीन थांबे वाढवा, मी पाट्या लावून ठेवते. चिमणीचं तुमच्याशी जमलंय हे छान झालं.

आणि मामा, त्यांच्यासाठी देवापुढे बसत जाऊ नका. खरंच नका. खेळ आहे तो. तुमचा पाय नीट बरा झालेला नाही, मांडी घालून इतका वेळ बसायचं काही कारण नाही. मामीलाही हेच सांगते.

आई बरी आहे. तेल लावत नाही.

तुमची भाची

३ फेब्रुवारी

पोरी,

बंदरापर्यंत थांबे वाढवले. नऊ दिवस गाडी नेली. बंदरावर दोन बोटी आहेत, एक दिवा आहे आणि एक बाक आहे. माणूस नाही. गाडीतून उतरून गोदामाच्या मागेही पाहिलं. परत येताना हवालदार म्हणाले, "काका, बंदरावर काय ठेवलंय? रिकामं डिझेल जाळताय." मी म्हटलं, मालकिणीचा आदेश आहे. ते हसले. का हसले ते विचारलं तर म्हणाले, "तुम्ही नवीन आहात."

मी नवीन असेन, पण माणसं मोजण्यात नवीन नाही. चढताना डोकी मोजायची आणि घंटी मारण्याआधी आकडा पक्का करायचा, ही सवय हाताला आहे. म्हणून या नऊ दिवसांत तुझी पाटीही मोजली. दर पंधरा मिनिटांनी तिच्यावर तीन नावं वाढतात. मग दहा मिनिटांनी तेच तीन कमी होतात. सोमवारी तसंच, रविवारी तसंच. पोरी, माणसं अशी येत नाहीत. माणसं दवाखाना सुटला की लोंढ्याने येतात. एकीला चप्पल सापडत नाही म्हणून तिच्यासाठी चौघी थांबतात आणि पाचही जणींची गाडी चुकते. घड्याळ लावून तीन चढले आणि तीन उतरले असा थांबा मी चोवीस वर्षांत पाहिला नाही.

गाडीत माणूस म्हणजे कसं असतं ते सांगतो. परवा बाजारातलं वळण मी जरा जोरात घेतलं. पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा पडद्यावर खाली एक शब्द लिहून आला, "सावकाश." चिमणीने लिहिला होता. दोन महिन्यांतला तिचा पहिला शब्द. मला बरं वाटलं. कोणीतरी मागे बसलंय, हे कळलं.

मी तुला सरळ विचारतो. हे बाकीचे लोक आहेत की नाहीत?

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

नाहीत.

घ्या, लिहिलं कागदावर. एकशे अठरापैकी एकशे सात मी एका प्रोग्रामने बनवले आहेत. एक रंग, एक पक्षी, एक आकडा, असं तो आपोआप नाव तयार करतो. त्यांना शरीर नाही, घर नाही, फक्त पाटीवर नाव. तीन वाढायचे, तीन कमी व्हायचे, तेही मीच लावलंय, खरं वाटावं म्हणून. खरे फक्त अकरा. झालं समाधान?

तुम्ही कंडक्टर आहात मामा, चेकर नाही. इतकं वहीत लिहून मला पकडायची गरज होती का? एकदा तरी विचारायचं होतं की पोरी, तू असं का केलंस.

नाही विचारलंत, तरी सांगते. मी आणि मेकॅनिकने दोन वर्षं राबून हे गाव उभं केलं. दिवसभर दुकानात लोकांचे फुटलेले स्क्रीन बदलायचे आणि घरी येऊन रस्ते काढायचे. तुम्ही जे वळण जोरात घेता ना, ते मी सहा वेळा मोडून केलंय. वर्षभर आम्ही खरा आकडा दाखवला. कधी चौदा, कधी नऊ. अशा खेळातल्या सगळ्या गावांची, म्हणजे सर्व्हरांची, एक मोठी यादी असते. ज्याच्याकडे माणसं जास्त, तो वर. नवा माणूस वरची दहा-बारा नावं बघतो आणि त्यातल्या एकात शिरतो. आम्ही इतके खाली होतो की तिथपर्यंत बोट दुखेपर्यंत सरकवावं लागायचं. वर बसलेले चारशे, पाचशे दाखवतात. त्यातले निम्मे हवेतले आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी काही म्हणत नाही. आमच्या डॉक्टरीणबाई रोज येऊन रिकाम्या खाटांच्या मध्ये खुर्ची टाकून बसायच्या. दोन महिन्यांत एक पेशंट आला नाही. एके दिवशी त्यांनी हवालदारांना विचारलं, "जरा पडता का हो जिन्यावरून?" आम्ही सगळे हसलो, पण मला घरी येऊन जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात प्रोग्राम लिहिला.

आणि उपयोग काय झाला? यादीत वर आलो. नवे लोक आले, पाच मिनिटं फिरले आणि "एकशे अठरा म्हणे, इथे चिटपाखरू नाही" असं लिहून निघून गेले. आता पाटी खरी केली तर यादीच्या तळाला जाऊ आणि खोटी ठेवली तर शिव्या खाऊ. मी वैतागले आहे मामा. तुम्हीही बोला आता, तेवढंच राहिलंय.

भाची

१५ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मामीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पाय दुखतोय. तेही खोटंच.

राग आला, हे लपवत नाही. एकशे सात नावं मी देवापुढे घेतली. राखी बगळ्याची प्रकृती सुधारू दे म्हटलं. देवाला काय वाटलं असेल, हे त्यालाच ठाऊक. हसला असेल तर हसू दे. पण मी ती नावं घेताना मनापासून घेत होतो, आणि तिकडे कोणीच नव्हतं, हे कळल्यावर रिकाम्या घराचं दार वाजवत बसल्यासारखं वाटलं.

"असं का केलंस" हे मी आधी विचारायला हवं होतं. बरोबर आहे तुझं. न विचारण्याचंही कारण आहे. ते मामीलाही माहीत नाही.

मी नवा असताना टेकडीवरच्या दवाखान्याची एक फेरी माझ्याकडे होती. चार-पाच माणसं असायची. त्यातले बहुतेक पासवाले, त्यांची नुसती डोकी मोजून कागदावर लिहायची. वरून पत्र आलं की वीसपेक्षा कमी माणसांच्या फेऱ्या बंद. पायाची पट्टी बदलायला जाणारी एक बाई त्या गाडीत असायची. तिचा चेहरा बघून मी कागदावर पाचाचे पंचवीस केले. दोन महिने केले. स्वतःला म्हणायचो, यात पाप काय आहे? मग वरच्या लोकांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, या मार्गावर गर्दी वाढली आहे, लांब गाडी द्या. लांब गाडी आली. दवाखान्याखालच्या वळणावर ती वळेना. दोन दिवस आम्ही ती मागे मागे घेत खाली आणली. तिसऱ्या दिवशी मार्ग गैरसोयीचा म्हणून फेरीच बंद झाली. पाच माणसं लिहिली असती तर कदाचित भांडून छोटी गाडी टिकवता आली असती. ती बाई नंतर बाजारात भेटली. "गाडी का हो बंद केली?" मी म्हटलं, "वरून आदेश आला."

त्यामुळे मी चेकर नाही. मी तुझ्याच जातकुळीतला आहे. तुला पकडायला वही केली नव्हती, मला स्वतःला चैन पडत नव्हतं.

ती नावं काढून टाक, असं मला वाटतं. गाव तुझं आहे, निर्णय तू घे. फक्त एक सांग. चिमणी तुझ्या एकशे सातांत आहे का? त्यांना शरीर नाही म्हणालीस, आणि ती तर बाकावर बसते. असेलच तुझी तर फार सुंदर बनवली आहेस, आणि नसेल तर तिला धक्का लागू देऊ नकोस.

मामा

१५ फेब्रुवारी

मामा,

तुमच्या उत्तराची वाट बघितली नाही. तुम्ही काय लिहाल ते मला पाठ आहे. काल दुकानातून आले, चप्पलही काढली नाही, आणि एका आज्ञेत सगळे पक्षी उडवले. रंग, पक्षी, आकडा अशा घडणीचं जे नाव असेल ते पाटीवरून आणि गावाच्या नोंदवहीतून कायमचं बाद. प्रत्येक नावाला नियमाप्रमाणे आपोआप निरोपही गेला, "हे नाव यंत्राने बनवलेलं आढळल्याने काढून टाकण्यात आलं आहे." यंत्रानेच यंत्राला पत्र पाठवलं म्हणायचं!

आता पाटीवर दहा. खरेखुरे दहा. आकडा केवढासा दिसतो, पण छातीवरचं ओझं उतरलं. यादीत आम्ही सकाळपर्यंत इतके खाली घसरलो की मी बघणं सोडून दिलं.

मेकॅनिक माझ्यावर भयंकर चिडली आहे. "तुझ्या मामाला खूश करायला माझी दोन वर्षं पाण्यात घातलीस," म्हणाली. मी म्हटलं, मामाला बोलायचं काम नाही. मग आणखी भांडलो.

तुमच्या मनासारखं झालं ना? आता देवापुढे दहाच नावं घ्या आणि पाय लांब करून बसा.

तुमची भाची

२२ फेब्रुवारी

पोरी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं आता तुझ्या हातात असेल. नसेल वाचलंस तर हे बाजूला ठेव आणि ते आधी वाच. शेवटपर्यंत वाच.

तू नऊ तारखेला लिहिलंस, खरे अकरा. पंधराला लिहिलंस, पाटीवर दहा. एकशे अठरातून एकशे सात गेले तर अकरा उरतात, हे मला आमच्या गावच्या शाळेत चौथीत शिकवलं आहे. माझं एक माणूस कमी आहे.

आठ दिवस चिमणी थांब्यावर नाही. पहिल्या दिवशी वाटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाहुणे आले असतील. मी रोज पावणेसहाला गाडी लावतो, दार उघडतो, वीस अंक मोजतो, दार लावतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, इथे कोणी नाही, निघा." काल मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांची काही चूक नव्हती. नंतर माफी मागितली.

तिचं नाव मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तिसऱ्या बाकावर बसते, हेही लिहिलं होतं. "चिमणीचं तुमच्याशी जमलंय हे छान झालं" असं तू उत्तरही दिलंस. मग एका आज्ञेत उडवताना तुला ती आठवली कशी नाही? मी काय नुसते कागद काळे करतो का?

गाडीत विसरलेली छत्रीसुद्धा आम्ही तीन महिने जपून ठेवतो, मालक येईल म्हणून. तू जिवंत प्रवासी खाली उतरवलास आणि वर तिला यंत्र म्हटलंस.

तिला शोध.

मामा

२ मार्च

मामा,

हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले.

तुम्ही तीन वेळा चिमणीबद्दल लिहिलंत आणि तिन्ही वेळा मी ती ओळ ओलांडून पुढे गेले. मला वाटायचं, मामांना सगळ्यांतच कोणीतरी दिसतं. माझं लक्ष फक्त मी पकडली गेले की नाही, याच्यावर होतं.

गावाची एक तक्रारपेटी आहे. नाव बाद झालेल्याला तिथे लिहिता येतं. मी ती उघडतच नाही, शिव्याच असतात म्हणून. काल उघडली. सोळा फेब्रुवारीचं एक पत्र होतं. तसंच्या तसं उतरवते.

"नमस्कार. मला निरोप आला की माझं नाव यंत्राने बनवलं आहे. मी यंत्र नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर मला बोलता येत नाही आणि हातही सावकाश चालतो, म्हणून मी लिहीत नाही. गावात आले तेव्हा पाटीवर सगळ्यांची नावं पक्ष्यांची दिसली. मला वाटलं इथली तशी पद्धत असेल, म्हणून मीही तसंच घेतलं, वेगळं दिसू नये म्हणून. मी रोज बसमध्ये बसते. बाहेर जाता येत नाही, तेवढंच फिरणं होतं. बसवाल्या काकांना विचारा. ते सांगतील मी होते."

मामा, ती माझ्या खोट्या नावांत मिसळायला गेली आणि मी तिला त्यांच्याबरोबर झाडून टाकलं. आणि तुम्हाला साक्षीदार केलंय तिने. तुमचा पंधरा फेब्रुवारीचा कागद आणि तिचं सोळाचं पत्र शेजारी ठेवून मी रडले. दुकानात. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या ताई, नाही जमत दुरुस्त तर नवा घेतो."

तिचं नाव मी परत नोंदवहीत घातलं आणि पेटीतूनच माफीचं उत्तर पाठवलं. काही आलं नाही. चौदा दिवस तिने वाट बघितली, आता का बघावी?

मेकॅनिक काल सोडून गेली. पाटीवर नऊ. मी महिनाअखेरीस गाव बंद करायचं म्हणतेय. नऊ माणसांसाठी रस्ते, दवाखाना, बंदर कशाला? मला नाही सहन होत आता. तुम्ही रागावलात तरी चालेल.

भाची

१२ मार्च

पोरी,

रागावलो होतो, आता नाही. पण तुझं पत्र आल्यापासून काय झालं ते नीट ऐक.

शनिवारी पावणेसहाला चिमणी थांब्यावर उभी होती. डोक्यावर तेच नाव. मी गाडी लावली, दार उघडलं. ती चढली नाही. वीस मोजले, चाळीस मोजले. मी दोन बोटांनी लिहिलं, "चुकलं आमचं. बसा." ती उभीच. मागून हवालदार भोंगा वाजवायला लागले, मी त्यांना म्हटलं, वळसा घालून जा. ती चढली नाही. गाडी रिकामी न्यावी लागली. रविवारी तेच. सोमवारी तेच. येते, उभी राहते, गाडी जाताना बघते. मला इतका वैताग आला की घरी येऊन मामीशी भांडलो. मामी म्हणाली, "गाडीतून एकदा ढकललेल्या बाईला दार उघडून काय दाखवता? ढकललं कोणी, ते समोर येऊन बोललं का?"

मामीने आजवर तुझा खेळ एकदाही पाहिलेला नाही, पण बोलली ते खरं.

काल ती चढली. तिसऱ्या बाकावर नाही, सगळ्यात मागे, दाराशी. बाजारातलं वळण मी इतकं सावकाश घेतलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरून चालत जाऊ का? उतरताना तिने मान हलवली नाही.

गाव बंद करू नकोस. नऊ माणसांना छोटी गाडी पुरते, लांब गाडी कशाला हवी? बंदर हवं तर बंद कर, तिथे तसंही एक बाकच आहे. यादीत आपण कुठे आहोत ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचं नाही. माझ्याकडे पाटी आहे. काल तिच्यावर दहा होते. मी मोजले, दहाच भरले.

आणि एक गोष्ट आज लक्षात आली. इतके महिने मी त्या गावात गाडी चालवतोय, हवालदार चढले, डॉक्टरीणबाई चढल्या, तुझी मैत्रीण चढायची. तू एकदाही चढली नाहीस. रस्ते केलेस, वळण सहा वेळा मोडलंस, पण त्यावरून कधी गेली नाहीस. त्या अकरात तू नव्हतीसच.

पेटीत माफीचा कागद टाकून भागत नाही. येत्या सोमवारी दुकानातून लवकर नीघ आणि पावणेसहाला चिमणीच्या थांब्यावर येऊन उभी राहा, तिच्या शेजारी. काय बोलायचं ते तुझं तू बोल. ती उत्तर देणार नाही, त्याने खचून जाऊ नकोस. मी दार उघडून ठेवतो, भोंगे वाजवणारे वाजवू देत.

तिसऱ्या बाकावर बाहेरच्या बाजूला बस. खिडकी सोड. ती तिची आहे.

मामा